आखाडाआधी बाप बाजूला काढा



मृग लागला. आता आखाड तोंडावर आलाय. वावी, पांगरी, शहा, पंचाळे, इकडं आपल्या पूर्व सिन्नरला मोटारसायकलच्या मागं जाळीचं खोकं बांधून कोंबड्यांचे व्यापारी वस्तीवस्तीवर फिरायला लागलेत. श्रावण लागायच्या आत सगळ्यांना गावरान कोंबडा पाहिजे. पुणे रस्त्यावरच्या ढाब्यांना पाहिजे, माळेगाव-मुसळगावच्या कंपन्यांतल्या पोरांच्या पार्ट्यांना पाहिजे, आणि म्हसोबाचा नवस राहिलेल्या घरांनाही पाहिजे. भाव चांगला मिळतो. पैसा नको कुणाला? विका म्हणूनच सांगतोय. पण कोणता विकायचा आणि कोणता नाही, यावर आज भांडायचंय.

वर्षानुवर्षं एकच रडगाणं ऐकतोय. "गावरान कोंबडी आता पहिल्यासारखी राहिली नाही. बारीक झाली. उन्हाळ्यात अंडी बंद. पिल्लं निघत नाहीत, निघाली तर जगत नाहीत." दोष कुणाला? उन्हाला, पाण्याला, रोगाला, घारीला, मुंगसाला. माझं म्हणणं सरळ आहे: ऊन पूर्वीही होतं, घारही होती. कोंबडी आपण बिघडवली, आणि ती बिघडवली आखाडात.

कशी, ते बघा. गावरानाचा मुख्य रवण आपल्याकडं दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत बसतो. हवा थंड, अंडी टिकतात, खुडूक कोंबड्या मिळतात. त्या रवणातली पिल्लं चैत्र-वैशाखात वाढीला लागलेली असतात. पारा चाळिशीला टेकलेला, झाडाला पान नाही, टाकीतलं पाणी गरम. अशा दिवसांत जो नर अंग धरतो, तुरा लाल ठेवतो, तो आषाढात भरलेला दिसतो. व्यापारी येतो, पायाला धरून उचलतो, वजन करतो आणि तोच नेतो. बरोबरच आहे, त्याला वजन पाहिजे. मागं कोण राहतं? उशिरा निघालेला, उन्हात खुरटलेला, हाताला हलका लागलेला. मग दिवाळीला कोंबड्यांसोबत तोच फिरत असतो आणि पुढच्या पिढीचा बाप तोच होतो.

म्हणजे उन्हाळ्याच्या परीक्षेत पहिला आलेला कोंबडा आपण कापून खातो आणि नापास झालेल्याचं लग्न लावतो. दर वर्षी. मग म्हणतो, वाण बसला.

असं बैलाच्या बाबतीत कुणी केलं असतं का? बियाण्याच्या बाजरीची भरलेली कणसं आपली आजी उतरंडीत वेगळी ठेवायची. दुष्काळातसुद्धा त्याला हात लावायचा नाही असा घरात दंडक होता. कोंबडीच्या बाबतीत मात्र भरलेलं कणीस पहिलं विकायचं आणि पोचट पेरायचं.

जगात ज्यांनी कोंबडी वाढवली त्यांनी नेमकं उलटं केलं. आपला असील, झुंजीचा, इंग्रजांच्या काळात विलायतेला गेला. तिथं कॉर्नवॉल भागात त्याच्यापासून एक जाड छातीची जात तयार झाली, कॉर्निश. पुढं अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची मोठी स्पर्धा भरली. १९४८ च्या शेवटच्या फेरीत जिंकलेला पक्षी याच कॉर्निशच्या संकरातला होता. आज आपल्या तालुक्यात शेडच्या शेड भरून जे ब्रॉयलर आहे, त्याच्या रक्तात आपला असील आहे. त्या लोकांनी जादू केली नाही. चांगला नर कापायचा नाही, त्याची पिल्लं मोजायची, त्यातला पुन्हा चांगला ठेवायचा. एवढंच, पण पन्नास-साठ पिढ्या न चुकता.

आता साहेब लोक म्हणतील, "मग घ्या की तो मोठा पक्षी." तिथंही माझं भांडण आहे. ब्रॉयलरची निवड झाली ती लवकर वजन वाढवण्यासाठी, आयतं खाद्य आणि नियंत्रित हवा देऊन. जास्त खाल्लं की अंगात जास्त उष्णता तयार होते. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. त्याचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडं धाप, तुरा-गलोल आणि उघडी कातडी, एवढाच मार्ग. अंग जेवढं जाड तेवढी उष्णता बाहेर पडायला जागा कमी. म्हणून वैशाखात दुपारी लाईट गेली, पंखे बंद पडले की शेडमध्ये सगळ्यात आधी भारी पक्षी पडतो. ज्यांची शेड आहेत त्यांना हे मी सांगायला नको.

तेव्हा नुसता "सगळ्यात जड कोंबडा ठेवा" हा सल्लाही अर्धवट आहे. जड होण्याला दोन कारणं असतात. एक पिल्लू आधीच मोठं असतं, थंडीत भराभर वाढलेलं, आणि ऊन लागलं की जागेवर थांबतं. दुसरं थंडीत मध्यम असतं पण उन्हातही वाढत राहतं. आषाढात काट्यावर दोघं सारखेच दिसतील. आपल्याला बाप म्हणून दुसरा पाहिजे.

तो ओळखायचा कसा? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक ताणकाटा लागतो. पाडव्याला एकदा वजन, मृगाला एकदा वजन. मधली जी वाढ ती उन्हाळ्याची वाढ. समजा एकाच रवणातले दोन नर आहेत. पहिला पाडव्याला ११०० ग्रॅम, मृगाला १३५०. दुसरा पाडव्याला ९००, मृगाला १३००. व्यापाऱ्याच्या काट्यावर पहिला भारी. उन्हाच्या हिशोबात पहिल्याची वाढ २५० आणि दुसऱ्याची ४००. पहिला विका, खुशाल विका. दुसऱ्याच्या पायात कडं घाला आणि तो विकायचा नाही म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पोरांना तर आधी सांगा, कारण आपण वावरात असताना पाहुणे आले की कोंबडा कापणारे तेच असतात.

एक पथ्य: तुलना एकाच रवणातल्या, पंधरा दिवसांच्या आत निघालेल्या पिल्लांत करा. कार्तिकातलं पिल्लू आणि माघातलं पिल्लू एका काट्यावर तोलून काही कळत नाही.

वजनाच्या जोडीला नजर. वैशाखातले चार-पाच कडक दिवस निवडा आणि दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान नुसतं बसून बघा. कोण चोच उघडून धापा टाकत पंख लोंबते सोडून बसलाय, आणि कोण सावलीत का होईना पण पाय उकरतोय, दाणा टिपतोय. वहीत खूण करा. चारपैकी चार दिवस जो उभा दिसला त्याच्यात काहीतरी आहे. आणि ही निवड साध्या सावलीतच व्हायला पाहिजे. फॉगर, कूलर, पत्र्यावर तुषार, यांना माझा विरोध नाही. आपली हवा कोरडी, त्यामुळं पाण्याच्या फवाऱ्यानं इथं खरंच गारवा येतो, कोकणात तेवढा येणार नाही. विकायच्या पक्ष्याला जरूर द्या. पण बाप निवडायचा तो फॉगरखाली निवडला तर तुम्ही फॉगरसाठीचा पक्षी तयार करताय. ज्या घरी जाणार तिथं फॉगर नाही, शेवग्याचं झाड आहे. सावली, मातीच्या भांड्यातलं गार पाणी, आणि भरडा पहाटे व संध्याकाळी, दुपारी नाही. एवढं सगळ्यांना सारखं, मग परीक्षा.

ही झाली पहिल्या वैशाखातली परीक्षा, अंगाची. दुसऱ्या वैशाखात बापपणाची.

कारण उन्हात तगला म्हणजे उन्हात बाप होतो असं नाही. उष्णतेनं नराचं बीज कमजोर पडतं. कोंबडा आरवतो, माजलेला दिसतो, कोंबड्यांवर चढतोही, पण अंडी रिकामी निघतात. मग नाव कोंबडीचं खराब, "ती रवण वाया घालवते" म्हणून. दुसऱ्या वर्षीच्या नरांना एप्रिल-मेमध्ये प्रत्येकी सहा-आठ कोंबड्यांसोबत जाळीत वेगळं ठेवा. आधीचा नर काढल्यावर तीन आठवडे जाऊ द्या, कारण कोंबडीच्या पोटात जुन्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. नंतरची अंडी पेन्सिलीनं खूण करून थोडीशीच बसवा, आणि सातव्या रात्री मोबाईलच्या बॅटरीवर बघा. आत शिरांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर अंडं भरलेलं. आरपार स्वच्छ दिसलं तर रिकामं. एका नराची दहातली आठ भरली आणि दुसऱ्याची चार, तर आणखी काय पुरावा पाहिजे?

इथं एक भानगड आहे, ती न सांगितली तर नर उगाच बदनाम होईल. उन्हाळ्यात अंडं घरात ठेवलेल्या जागीच खराब होतं. बाहेर ऊन तापलं की पत्र्याच्या खोलीतल्या अंड्यात जीव अर्धवट हलायला लागतो, पुरती ऊब नसल्यानं वाढत नाही, आणि मरतो. बॅटरीवर ते रिकाम्यासारखंच दिसतं. म्हणून अंडं घातल्याबरोबर उचला. रुंद तोंडाचं मडकं ओल्या वाळूत अर्धं पुरून, आत कोरडा भुसा घालून, वर ओलं फडकं टाकून त्यात ठेवा, आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या वर साठवू नका. थंडीत आठवडा चालतो. आमच्या आयांना हे ठाऊक होतं, रवणाच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हात फिरवायचंही ठाऊक होतं. इथली हवा इतकी कोरडी की अंड्यातलं पाणी जास्त उडतं, आतलं पातळ कातडं चिवट होतं आणि पिल्लू कवचातच अडकतं. मशीनवाल्यांनीही शेवटच्या तीन दिवसांत पाण्याचा ट्रे कोरडा पडू दिला की हेच होतं. मग फोन करतात, "अठरा दिवस सगळं बरोबर होतं हो."

आता दुसरं भांडण, आणि यात मला जवळच्या माणसांचीच बोलणी खायची आहेत. एक चांगला कोंबडा सापडला की आपण त्याला देव करतो. चाळीस कोंबड्यांत एकच, तीन-तीन वर्षं. "याच्यासारखा दुसरा नाही." नसेल. पण हिशोब करा. चाळीस कोंबड्यांना एकच बाप, म्हणजे पुढची सगळी पिढी आपसात सावत्र भावंडं. त्यांचं आपसात लागलं की रक्तातली जवळीक एका फटक्यात साडेबारा टक्क्यांच्या आसपास वाढते. सख्ख्या भावाबहिणीच्या संकराला ती २५ टक्के असते. म्हणजे एका पिढीत आपण निम्मी वाट चाललो. त्याच चाळीस कोंबड्यांना चार नर ठेवले तर हाच आकडा साडेतीन टक्क्यांच्या खाली येतो. कोंबड्या तेवढ्याच, खर्च तीन नरांच्या दाण्याचा. कळपात किती कोंबड्या आहेत यापेक्षा किती बाप आहेत यावर वाण टिकतो, हे पशुसंवर्धनाच्या पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवलेलं असतं, पण वस्तीवर येऊन सांगत कुणी नाही.

जवळच्या रक्ताचा पहिला फटका कुठं बसतो? अंडी उबण्यावर. मग पिल्लं जगण्यावर. म्हणजे आपलं जे रडगाणं आहे बरोबर तिथंच. आणि आपण औषध शोधतोय दुकानात.

आपल्याकडं सगोत्र लग्न चालत नाही, कोंबड्याला गोत्र नको का? सोपी रीत आहे. चार घरं एकत्र या. प्रत्येक घरी आठ-दहा कोंबड्या, एक नर, एक राखीव नर. घराघराच्या कड्याचा रंग वेगळा: लाल, निळा, पिवळा, हिरवा. तलंगा ज्या घरच्या त्या घरीच राहतील. निवडलेला तरणा नर मात्र ठरलेल्या पुढच्या घरी जाईल. लालचा निळ्याकडं, निळ्याचा पिवळ्याकडं, पिवळ्याचा हिरव्याकडं, हिरव्याचा लालकडं. दर वर्षी तीच दिशा. माणसात पोरगी नांदायला जाते, इथं पोरगा घरजावई, एवढाच फरक. आपल्याकडं लोक गावठाणात कमी आणि मळ्यात-वस्तीवर जास्त राहतात, त्यामुळं दोन घरचे कोंबडे आपोआप लांब राहतात. ही सोय कोकणातल्या वाडीला नाही, गावठाणाला नाही. तरी रवणाच्या आधीचा महिना शेजारचा मोकाट नर येणार नाही एवढं बघा.

वही कुणी ठेवायची? कोंबड्या ज्यांच्या आहेत त्यांनी, म्हणजे घरातल्या बाईनं. कोणती कोंबडी वैशाखातही दिवसाआड अंडं देते, कोणीची पिल्लं घारीला सापडत नाहीत, कोण रवणावरून मध्येच उठते, हे बापईगड्याला विचारलं तर तो कोंबड्यांच्या रंगावरून अंदाज सांगेल. मावशीला विचारा, ती कोंबडीची आजीसुद्धा सांगेल. आणि शिबिराला बोलावतात कुणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्याला.

रंगावरनं आठवलं. उघड्या मानेची कोंबडी, जिच्या मानेवर पिसं नसतात, ती आपल्याकडं कुरूप म्हणून पहिली विकली जाते. "खरूज झालीय का" म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतं. अहो, ती खरूज नाही, तो तिचा उन्हाळी सदरा आहे. एका गुणसूत्रातल्या बदलानं तिच्या अंगावरची पिसं कमी होतात, मानेवरची तर दिसतातच, पण बाकी अंगावरचीही. बदल एकाच बाजूनं आला असेल तर मानेच्या पुढं पिसांचा एक छोटा झुपका राहतो. आई आणि बाप दोन्हीकडून आला असेल तर मान जवळपास साफ, आणि पिसं आणखी कमी. कमी पिसं म्हणजे उष्णता बाहेर पडायला वाट मोकळी. बरेलीजवळच्या इज्जतनगरला केंद्र सरकारची पक्षी संशोधन संस्था आहे. तिनं याच उघड्या मानेच्या देशी कोंबडीपासून 'हितकारी' आणि उलट्या पिसांच्या कोंबडीपासून 'उपकारी' असे उष्ण हवेसाठीचे संकर तयार केले. शास्त्रज्ञ जी कोंबडी मुद्दाम गोळा करून घेऊन गेले, ती आपण रूप बघून काढून टाकतो. उलट्या पिसांचीची तर त्याहून वाईट गत, तिला उताऱ्याला मागणी. वस्तीवर एखादी निघाली की कुणीतरी भगत-बिगत दारात हजर.

उघड्या मानेचा एखादा नर चारपैकी एका घरात ठेवा, साध्या कोंबड्यांवर. त्याचा झुपका असेल तर निम्मी पिल्लं तशी निघतील. त्यांना पाडवा-मृगाच्या काट्यावर साध्या भावंडांशेजारी तोला, आणि मग ठरवा रूप बघायचं की वजन. उलट्या पिसांच्या नराला मात्र उलट्या पिसांची मादी लावू नका, काही पिल्लं जवळजवळ उघडी निघतात आणि थंडीत जातात.

आता शासनाकडं वळतो. राष्ट्रीय पशुधन अभियान २०२१ पासून नव्या रूपात आलं. ग्रामीण कुक्कुटपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल २५ लाख. ऐकायला झकास. पण दाराशी गेल्यावर कळतं की सुरुवातच १००० मातृपक्ष्यांपासून, सोबत आठवड्याला ३००० अंड्यांची उबवणी आणि पिल्लांचं संगोपन. टँकरच्या गावात हजार मातृपक्षी कोण पाळणार? ज्याच्याकडं जमीन तारण आहे तो. त्याला मिळो, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या चार घरांनी मिळून चाळीस कोंबड्यांचा वाण सांभाळायचा, त्यांच्यासाठी कागदावर काय आहे? गट वाटप. बाहेरच्या केंद्रातल्या सुधारित तलंगा आणि सोबत नर, एका गाडीत आलेले. वनराजा, गिरिराज हे पक्षी वाईट नाहीत, हैदराबाद आणि बंगळूरच्या लोकांनी मेहनतीनं केलेत. अंडी-मांसासाठी पाळा. पण ते संकर आहेत. त्यांची अंडी पुन्हा बसवली की पिल्लांत आजा-पणजा सगळे वेगवेगळे बाहेर येतात, एक उंच, एक बुटकं, एक आईसारखं, एक कुणासारखंच नाही. त्या कोंबड्या सहसा खुडूकही होत नाहीत. आणि वाटपातला तो धिप्पाड नर वस्तीवरच्या गावरान माद्यांवर सुटला की चार वर्षांत तुमच्याकडं ना गावरान ना वनराजा. दर दोन वर्षांनी पुन्हा पिल्लं विकत. योजना चालू राहते, वाण संपतो.

साहेबांनी हजाराचा आकडा ठेवावा, पण त्याच्या शेजारी चाळीसचाही एक रकाना काढावा. खर्च काय? चार ताणकाटे, शंभर प्लॅस्टिकची कडी, एक वही आणि वेळेवर लस. लसीची कुपी शंभर, दोनशे, पाचशे डोसांची येते, एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून दहा कोंबड्यांवाला घेतच नाही. चार घरं एकत्र आली की हा प्रश्नही सुटतो. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात लासोटा, महिन्यानं पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर टोचून. पहाटे, बर्फात आणून. "गावरानाला लस लागत नाही, जी जगेल ती खरी" म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: चाळीसपैकी अडतीस गेल्या तर उरलेल्या दोघांत निवड कशाची करायची?

पलीकडं पैशेवाल्या वाणांचा बाजार. आधी इमू, मग कडकनाथ. कडकनाथ हा झाबुआचा अस्सल पक्षी, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पक्ष्यात खोट नव्हती. खोट धंद्यात होती. २०१९ मध्ये इस्लामपूरचं प्रकरण उघडकीला आलं, राज्यभरचे शेतकरी बुडाले. पिल्लं महाग घ्या, अंडी आम्हीच महाग परत घेऊ. ती अंडी कुणी खाणार नव्हतं. ती पुढच्या शेतकऱ्याला पिल्लं म्हणून विकायची होती. पैदाशीच्या नावाखाली कुणी पैदास करतच नव्हतं, सगळे एकमेकांना पिल्लं विकत होते. कुणी कोणता नर निवडला, किती अंडी भरली, विचारलंच नाही. उद्या "सिन्नर गावरान" म्हणून कुणी अशीच योजना घेऊन आला तर पहिला प्रश्न हाच विचारा: गेल्या वैशाखातली वही दाखव.

आणि एक गोष्ट नवापूरची. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. तोच पट्टा बुसरा नावाच्या आपल्या देशी कोंबडीचं घर. वाण कितीही चिवट असो, तो एकाच ठिकाणी असेल तर एका आदेशात संपू शकतो. म्हणून निवडीच्या नरांची डझनभर अंडी दर वर्षी लांबच्या सोयऱ्याकडं पोचवा. बहिणीच्या सासरी, अकोल्याला, संगमनेरला, कुठंही, पण वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडं. रक्षाबंधनाची वाट बघू नका, अंडी पौषातली चांगली.

तर या आठवड्याचं काम. व्यापारी यायच्या आदल्या संध्याकाळी, पक्षी खुराड्यात गेल्यावर, याच रवणातले सगळे नर एक-एक करून तोला. पाडव्याचं वजन ज्यांच्याकडं आहे त्यांनी वाढ काढा. ज्यांच्याकडं नाही त्यांनी यंदा वैशाखात दुपारी उभा दिसलेला आणि तुऱ्याला लाल असलेला धरा, तो कुणाला आठवत नसेल तर घरातल्या बाईला विचारा. घरटी दोन नर बाजूला, पायात कडं. सकाळी व्यापारी पहिला हात त्यालाच घालणार, शंभर रुपये वाढवून देणार. "याचे किती?" विचारलं की "हा घरचा जावई हाये दादा, बाकीचे बघा" म्हणायचं आणि चहा टाकायचा.